गाडीतळाचा हिरवा रंग

दहाबारा दिवसांपूर्वी सकाळी दात घासत ओट्यावर उभा होतो, तर वास आला. मेंढरांचा. दंवानं भिजलेली लोकर, लेंड्या आणि त्यात काट्याकुट्याच्या चुलीचा धूर. दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले की हा वास आमच्या गल्लीत शिरतो. आतून आमची ही म्हणाली, "आले वाटतं तुमचे पाव्हणे." दर वर्षी हे ऐकून मला बरं वाटतं. यंदा वाटलं नाही. कारण आत टेबलावर, चष्म्याच्या घराखाली, नगर परिषदेची नोटीस दाबून ठेवलेली होती. मंगळवारी सुनावणी, समक्ष हजर राहावे.

गाडीतळ म्हणजे आमच्या घरासमोरची मोकळी जागा. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. प्रकरण हायकोर्टापर्यंत जाऊन आलेलं आहे, उगं कशाला. सेलूएवढा कापसाचा बाजार आमच्याकडं कधीच नव्हता, पण एक काळ होता, तेव्हा कापसाच्या बैलगाड्या मोंढ्यात नंबर लागेपर्यंत इथं सुटायच्या. पुढं ट्रॅक्टर आले, टेम्पो आले, गाड्या गेल्या, नाव तेवढं राहिलं. कडेला चार बाभळी, एक हापसा, पलीकडं जुन्या जिनिंगची भिंत. मधे कुसळी गवत. आणि वर्षातले पंधरावीस दिवस धुरपताबाईची मेंढरं.

मी नगर परिषदेत अनुरेखक होतो. म्हणजे ट्रेसर. गावात अजून मला ट्रेसर काकाच म्हणतात. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि त्यांच्याच रेघा शाईनं पुन्हा ओढायच्या, हे माझं काम. जन्मभर दुसऱ्याच्या रेघांवरून हात फिरवला. स्वतःच्या मनानं रेघ मारायची आम्हाला मुभा नव्हती. मी एकदाच मारली, आणि ती नेमकी हायकोर्टात निघाली. आता ह्याला काय म्हणावं?

तो हिवाळा अजून अंगाला लागल्यासारखा आठवतो. गावाचा विकास आराखडा करायचा होता. त्याआधी कुठल्या जागेचा सध्या काय वापर आहे, हे गल्लीगल्ली फिरून लिहायचं होतं. जिल्ह्याहून एक सर्व्हेअर साहेब आले होते. कानटोपी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि नाकावर सदा राग. त्यांच्या मागं मी आणि टेप धरायला एक शिपाई. गावाबाहेरच्या हरभऱ्यातून गेलं की पायजम्याला आंब, ते आंबट दंव, लागायची आणि दुपारपर्यंत पिंढऱ्या चरचरायच्या. तुरी फुलावर आलेल्या. मोंढ्याच्या रस्त्यावर कापसाचे पुंजके उडत यायचे आणि साहेबांच्या कानटोपीला चिकटायचे. मी सांगत नव्हतो. तेवढीच आमची करमणूक.

घरांना पिवळा, दुकानांना निळा, मैदानांना हिरवा. जिथं कसलाच वापर नाही ती जागा पडीक, ती पांढरी सोडायची. नियम सोपा होता. लोकच सोपे नव्हते. खाली पिठाची गिरणी, वर बिऱ्हाड, पुढच्या पडवीत न्हाव्याची खुर्ची, त्याला कुठला रंग द्यावा? साहेब वैतागायचे. "लिही रे काहीतरी," म्हणायचे.

गाडीतळावर आम्ही पोचलो तेव्हा तिथं मेंढरंच मेंढरं. दोरीच्या जाळीची वाघर लावलेली, तिच्यात नुकती जन्मलेली कोकरं. राणीसावरगावाकडच्या माळावरून हे बिऱ्हाड खाली यायचं. खालच्या काळ्या रानात पीक निघालेल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला लोक त्यांना बोलवायचे, पण वाटेत मेंढ्या व्यायच्या. ओली कोकरं चालत नाहीत. आणि गावाच्या चारी अंगांनी ज्वारी, हरभरा उभा. बाटकाला, कोवळ्या ज्वारीला, तोंड लागलं की काठ्या निघतात. मोकळी अशी ही एवढीच जागा, म्हणून ते दर वर्षी इथं थांबायचे. मधोमध एक पाल होतं, त्याला लुगड्याचा आडोसा केलेला. शिपाई टेप घेऊन तिकडं निघाला तशी एक म्हातारी काठी आडवी धरून उभी राहिली.

"तिकडं न्हाई जायचं. बाळंतीण हाय आत."

"आजी, सरकारी काम आहे," साहेब म्हणाले.

"असंल. सरकारला माय न्हवती का?"

साहेबांनी कानटोपी खाली ओढली. "उद्या बघू," म्हणाले आणि वळले. दुसऱ्या दिवशी त्यांना जिल्ह्याहून बोलावणं आलं. जाताना मला सांगून गेले, "गाडीतळाचं तेवढं तू मोजून भर." मी कसला मोजतो? आत आठवड्याची सुद्धा न झालेली पोर. आडोशापलीकडची ती बाळंतीण म्हणजे धुरपता, आणि ती काठीवाली तिची सासू.

पाचवीच्या दिवशी संध्याकाळी म्हातारी आमच्या दारात आली. "कोरा कागद द्या भाऊ, आन् टाक. सटवाई येती लिव्हायला." पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी पूजेत कागद-लेखणी ठेवतात, हे आमच्या घरीही झालेलं. घरात दुसरं काही नव्हतं. मी ऑफिसचा शाईचा पेन दिला आणि ट्रेसिंग कागदाचा एक तुकडा. आमच्या हिनं वाटीभर गूळ-शेंगदाणे आणि एक जुनी मऊ साडी दिली. सकाळी म्हातारी पेन परत घेऊन आली. त्याला हळद लागलेली, टोकाला कुंकू. कागद कोराच होता.

"काही उमटलं नाही की हो, आजी," मी चेष्टेनं म्हटलं.

"लिव्हलंय. आपल्याला दिसत न्हाई," ती म्हणाली आणि हापशावर निघून गेली.

त्याच सकाळी, त्याच पेनानं, मी गाडीतळाची हद्द काढली. अंदाजानं. बाभळीपासून हापशापर्यंत, हापशापासून जिनिंगच्या भिंतीपर्यंत. मग वापर लिहायचा आला. खरं बघितलं तर पडीक लिहायला पाहिजे होतं. मेंढरं पंधरा दिवसांची, बाकी वर्षभर तिथं वारा. आम्ही महिनाभर उशिरा गेलो असतो तर मी डोळे झाकून पांढरं सोडलं असतं. पण एक बाई तिथं बाळंत झालेली मी पाहिली होती, त्या जागेला पडीक कसं लिहू? माझा हात होईना. मैदान लिहिलं आणि हिरवा रंग भरला. मन लावून भरला, कडा कुठं सुटू दिल्या नाहीत. वर जन्मनोंदीच्या टेबलावर जाऊन पोरीची नोंदही करून आलो. कारकुनानं विचारलं, जन्मस्थळ? मी सांगितलं, गाडीतळ मैदान. पोरीचं नाव आमच्या हिनंच सुचवलं, मनीषा.

एवढीच गोष्ट. आराखडा पुढं मंजूर झाला, हिरवा हिरवाच राहिला. साहेब बदलून गेले, म्हातारी वारली, मी निवृत्त झालो. मेंढरं येत राहिली.

मग दोनेक वर्षांपूर्वी नगर परिषदेनं ठरवलं की गाडीतळावर व्यापारी संकुल बांधायचं. म्हणजे हिरवा पुसून निळा. खरं सांगतो, दुकानं नकोतच असंही माझं म्हणणं नव्हतं. गावात गाळे नाहीत, माझा पुतण्याच रस्त्याच्या कडेला मोबाईल दुरुस्तीचं टेबल टाकून उन्हात बसतो. पण रंग बदलायचा तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि ज्यांनी हरकती दिल्या त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. आमच्या गल्लीतून चाळीसेक हरकती गेल्या. सुनावणीचं पत्र आलं ते सुनावणी होऊन गेल्यावर. कॉलेजातून निवृत्त झालेले देशमुख सर खवळले. "हे काय चाललंय? आपण कोर्टात जाऊ!" आणि गेले. मला जुना माहीतगार म्हणून बरोबर घेतलं. सकाळच्या गाडीनं औरंगाबादला, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरला. कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो.

आमचे वकील उठले आणि माझा नकाशा उघडला. इतक्या वर्षांनी बघितला मी तो. हिरवा जरा विटला होता. वकील म्हणाले, नियोजन करणाऱ्यांनी जागेची काळजीपूर्वक पाहणी करून, मोजमापं घेऊन, भविष्याकडं नजर ठेवून, दूरदृष्टीनं हे मैदान राखलेलं आहे. मी मागं वळून बघितलं, कोण बुवा हा दूरदृष्टीवाला? मागं भिंत होती. मग लक्षात आलं, अरे, हे तर माझ्याबद्दल चाललंय. एसीत बसून मला दरदरून घाम फुटला. उठावं आणि सांगावं, महाराज, मोजमाप झालेलंच नाही, बाळंतीण होती. पण तिथं असं उठून बोलत नाहीत म्हणे. आणि बोललो असतो तर देशमुख सरांनी मला जिन्यावरून ढकलून दिलं असतं.

निकाल लागला तो मला आजतागायत नीट कळलेला नाही. दुकानं बरी की मैदान बरं, हे ठरवायचं काम कोर्टाचं नाही म्हणे. ते नगर परिषदेनंच ठरवायचं. कोर्ट फक्त बघतं की ठरवताना रीतीनं ठरवलं का, ज्याचं ऐकायला पाहिजे त्याचं ऐकलं का. तुम्ही ऐकलं नाही, म्हणून ठराव रद्द. पुन्हा हरकती घ्या, पुन्हा ऐका आणि मग काय ते ठरवा. गावात बातमी आली तशी देशमुख सरांनी पेढे वाटले. ठराव रद्द झाला! तासाभरानं संकुलवाल्यांनीही त्याच चौकात फटाके लावले. संकुल नाकारलेलं नाही! मी दोन्हींच्या मधे, हातात पेढा घेऊन.

"मंग आपण जिंकलो का हरलो?" हिनं विचारलं.

"काय की."

"काय की म्हणायला एवढ्या लांब गेलते का?"

हे एवढ्यावर राहतं तरी बरं होतं. पण देशमुख सरांनी घरी बैठक बोलावली आणि भिंतीवर एक चित्र लावलं. आपल्याला कसं मैदान पाहिजे त्याचं. चारी बाजूंनी कंपाउंड, लोखंडी गेट, चालायला फरशीची वाट, बाकडी, कारंजं. गेटवर पाटी, जनावरांना आत सोडू नये. मी चित्र लय वेळ बघितलं. म्हटलं, "सर, मेंढरं?"

"काय काका तुम्ही! मेंढरं काय, कुठंही बसतील."

कुठंही म्हणजे कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं आहे. निळा झाला तर मेंढरं गेली. हिरवा राहिला तरी मेंढरं गेली. आणि तो हिरवा तर मेंढरांचाच होता. हे मला ठाऊक, आणखी कुणाला ठाऊक नाही. हरकतींच्या एवढ्या मोठ्या गठ्ठ्यात मेंढरू हा शब्द एकदासुद्धा नव्हता. मी शोधला.

तर त्या सकाळी वास आला आणि तोंड धुऊन मी गाडीतळावर गेलो. धुरपताबाई वाघरीची गाठ मारत होती. आता तीच सासूच्या वयाला आलीय, काठी पण तीच असावी. मनीषाही आलेली. बारावीपर्यंत शिकलेली, पेडगावात दिलीय. मेंढरं जवळ आली की आईकडं राहायला येते. मी नोटीस दाखवली.

"तुमी हरकत दिली न्हवती का?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझीही जीभ तशीच वळते.

"कवा दिऊ, भाऊ? तवा आमी गंगंच्या, मंजी गोदावरीच्या अंगाला व्हतो. कागद आमाला हुडकत येतोय व्हय रानात?"

मग मी सांगून टाकलं. पेनाचं, न झालेल्या मोजणीचं, हिरव्याचं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. मला वाटलं बाई घाबरेल. ती हसतच सुटली. "मंजी माझ्या बाळंतपणानं नकाशा केला म्हना की! आगं मने, ऐकलं का?" मनीषा हसली नाही. तिनं नोटीस वाचली, पुन्हा वाचली.

"मामा, आता नव्यानं हरकत घेत्यात ना? मंग आमची घेत्याल की."

घरी आलो तर ही म्हणाली, "पोरीला काय द्यायचं ते देऊ द्या. तुमी मात्र तोंड उघडू नका. दोन्हीकडून मार खाताल." बरोबर होतं तिचं. तिचं नेहमी बरोबर असतं, तोच तर वैताग आहे.

मंगळवारी सभागृह भरलेलं. अधिकारी नवीन, शांत माणूस, खरंच ऐकत होता. कोर्टानं ऐका म्हटलं होतं, म्हणून असेल किंवा स्वभावानंच असेल. मनीषाचा नंबर शेवटी आला. अर्जात एक रकाना असतो, जागेशी अर्जदाराचा संबंध. बाकीच्यांनी शेजारी, रहिवासी, व्यापारी असं लिहिलेलं. तिनं लिहिलं होतं, जन्म. आणि सोबत नगर परिषदेचाच दाखला.

अधिकाऱ्यानं दाखला वाचला. "जन्मस्थळ, गाडीतळ मैदान," तो मोठ्यानं म्हणाला. "हे तर आराखडा मंजूर होण्याच्या आधीचं आहे. म्हणजे आपल्याच दप्तरात तेव्हापासून मैदान आहे."

देशमुख सरांचा चेहरा उजळला. याच्यापेक्षा भक्कम पुरावा काय असतो? संकुलवाले एकमेकांकडं बघायला लागले. झालं होतं सगळं. मी फक्त बसून राहायचं होतं. आणि अधिकाऱ्यानं सहज विचारलं, "ही नोंद कुणी दिली होती?"

मी उभा राहिलो. का राहिलो ते मला आजही सांगता येत नाही. इमान म्हणावं तर तेवढा इमानदार असतो तर इतकी वर्षं गप्प बसलो नसतो. कदाचित त्या पोरीनं एक शब्द खोटा लिहिला नव्हता, त्याची लाज वाटली असेल.

"मी दिली, साहेब. आणि नकाशाही मीच रंगवला. मोजणी झालेली नव्हती."

"का?"

"बाळंतीण होती."

कुणीतरी फस्सकन हसलं. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवला. "काका, मग मी लिहू काय? तिथं मैदान होतं की नव्हतं?"

"ते मलाच कळंना गेलंय, साहेब. मेंढरं होती, एवढं नक्की."

बाहेर आल्यावर देशमुख सर एवढंच म्हणाले, "घात केलात, काका." तेव्हापासून बोलत नाहीत. संकुलवाल्यांचा एक जण मात्र पाठीवर थाप मारून गेला, आणि ती थाप मला शिवीपेक्षा लागली. मी कुणाचं भलं केलं? मेंढरांचं तर नक्कीच नाही. चांगला लागत आलेला निकाल मीच उसवला की काय, या विचारानं बेजार झालो, दोन दिवस जेवण गेलं नाही. ही ताट वाढायची आणि माझ्याकडं न बघता उचलायची.

अधिकाऱ्यानं हुकूम काढला. पूर्वी मोजणी झालेली नसल्याने जागेची आता प्रत्यक्ष मोजणी करावी, सध्याचा वापर नोंदवावा, त्यानंतर निर्णय. आज सकाळी मोजणीला एक बाई आल्या. तिशीतल्या, डोक्याला स्कार्फ, हातात काठीवर बसवलेलं यंत्र. टेप आता लागत नाही म्हणे. मी हापशाजवळ उभा होतो. बाई यंत्र घेऊन मधोमध निघाल्या, आणि धुरपताबाई काठी आडवी धरून उभी राहिली.

"तिकडं न्हाई जायचं, बाई. मेंढी व्यायलीय आत्ता. बुजंल."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता त्या म्हणतील, काका, तुम्ही जाणकार, अंदाजानं सांगा. माझ्या तोंडावर आलंही होतं, बाभळीपासून हापशापर्यंत. पण त्यांनी यंत्र गवतावर आडवं ठेवलं आणि खाली बसल्या. अर्धा तास बसल्या. मनीषानं चहा दिला तो घेतला. कोकरू दोनदा पडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं, आईला लागलं. मग बाई उठल्या आणि पुरी मोजणी केली, चारी कोपरे.

शेवटी फॉर्म काढला. सध्याचा वापर, असा रकाना. पेन हातात धरून त्या थांबल्या. मीही थांबलो. माझं आयुष्य ह्याच रकान्यात अडकलेलं होतं.

"काय लिहू, मावशी?" त्यांनी विचारलं. मला नाही, धुरपताबाईला.

"दिसतंय ते लिव्ह की, माय."

त्यांनी लिहिलं. मी वाकून वाचलं. 'मेंढ्या. एक नुकतीच व्यालेली.' खाली सही, तारीख. निर्णय काय होईल कोण जाणे. त्याला कुठला रंग द्यायचा हे त्यांनी मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.